चोपन्नची गोळी

नैना जनावरांची डॉक्टर आहे आणि हरणांची शिकार करते. अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात हे कळलं की निम्म्या जणी विषय बदलतात. ती शेजारीच राहते, जन्म इथलाच, मला काकू म्हणते.

तिची बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग तेलकट कापडात गुंडाळलेली शिशाची गोल गोळी गजाने ठासायची. बार एकच. दुसरा भरेपर्यंत हरीण पसार.

गेल्या डिसेंबरात तिच्या पंचेचाळीस मापाच्या लहान गोळीने एक हरिणी नुसती जखमी होऊन पळाली. बर्फातलं रक्त शोधत नैना अंधार पडेपर्यंत हिंडली. हरिणी सापडली नाही. "परत असं झालं ना काकू, तर शिकार बंद," ती म्हणाली. आठवडाभर जखमा शिवणाऱ्या मुलीचं ते बोलणं मी हसण्यावारी नेलं नाही.

यंदा मोठ्या नळीची बंदूक घ्यायची ठरली. इंचाचे शंभर भाग केले तर पन्नास भाग जाडीची गोळी की चोपन्नची?

"चार पॉइंट्सनी काय होतं यार? पन्नास घे, धक्का कमी बसेल, खांदा तरी वाचेल," तिचा नवरा वीर माझ्याच ओट्याला टेकून म्हणाला.

मी बेसनाचे लाडू वळत होते. एक नेहमीसारखा वळला, दुसरा जरासाच मोठा, आणि दोन्ही काट्यावर ठेवले. सत्तर ग्रॅम आणि अठ्ठ्याऐंशी.

"एक्झॅक्टली!" नैना म्हणाली. "गोल गोळी हवेत पटकन स्लो होते. वजन असेल तरच खोल जाते."

"म्हणजे आता बंदूक लाडवावरून ठरणार?"

"तुझ्यापेक्षा लाडवाला जास्त कळतं."

चोपन्न आली. नैनाने ऑक्टोबरभर रेंजवर सराव केला, खांदा काळानिळा करून घेतला आणि पन्नास पावलांपलीकडे बार नाही, अशी हद्द ठरवली. हंगामाच्या पहिल्या दिवशी ऐंशी पावलांवर मोठा नर उभा राहिला.

"चोपन्न आहे ना? मार की!" वीर कुजबुजला.

तिने बंदूक खाली घेतली. "गोळी जड आहे. लांबची नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी चाळीस पावलांवर एक मादी आडवी उभी राहिली. बार झाला आणि धुरात काहीच दिसेना. वीर धावणार, तर नैनाने त्याची बाही धरली. धूर विरला. मादी होती तिथेच पडली होती.

तिने आधी हातमोजा काढून मादीच्या डोळ्याला बोट लावून पापणी हलते का पाहिलं, डॉक्टर बघतात तसं. मग मला फोन केला.

"काकू, जागेवरच. तिला कळलंसुद्धा नसेल."