दोघांची सहल आणि बाकीचे नऊ

माझ्या नवऱ्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, ‘विचारायला काय जातं?’ ह्या एका वाक्यानं आमच्या सगळ्या सहलींची वाट लावली. कांदिवलीला आमच्या दोन खोल्या. मी महापालिकेच्या शाळेत शिकवायचे, हे एका सरकारी कचेरीत कारकून. कुठे जायचं ठरलं रे ठरलं की हे नातेवाईक, शेजारी, सगळ्यांना ‘चला की तुम्हीपण’ म्हणून मोकळे. मी डोळे मोठे केले की म्हणायचे, “अगं, नुसतं विचारलं. येणार थोडेच.” आणि लोक यायचे. आयतं कुणी नेत असताना न यायला ते काय वेडे होते?

ऐंशी साली आमचं लग्न झालं आणि आठच दिवसांनी आम्ही माथेरानला निघालो. आम्ही म्हणजे हे, मी आणि सासूबाई. ह्यांनी नुसतं विचारलं होतं. सासूबाई मालवणकडच्या, बोलायला गोड. “माका काय व्हया गो? कोपऱ्यात पडान रवतलंय,” म्हणाल्या. खोलीत तीन खाटा होत्या, त्यातली मधली त्यांनी घेतली. मला भिंतीकडची दिली, का तर दाराकडून वारा लागतो. माथेरानचे सगळे पॉइंट मी सासूबाईंचा हात धरून पाहिले. ह्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. नव्या नवरीनं काय बोलायचं? नाही बोलले. पण मनात म्हटलं, पुढच्या वेळी बघते.

पुढच्या वेळी महाबळेश्वर, आणि मुलुंडची माझी नणंद, तिचे यजमान, दोन मुलं. सासूबाई तर होत्याच. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. सूर्यास्त बघायला गेलो तर नणंदेचे यजमान बरोबर माझ्यासमोर उभे राहिले आणि सूर्य आता कुठवर आला ते आम्हाला सांगत बसले. दिसत होता फक्त त्यांनाच. हे मागे मुलांना भाजलेली कणसं घेऊन देत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की ह्या माणसाला माझ्याबरोबर दोन घटका एकट्यानं बसायचंच नाहीये. एकदा मनात आलं ते काही जाईना. मी तशी तोंडाळ बाई, चौथीच्या वर्गाला माझ्या आवाजानं घाम फुटायचा. पण ही गोष्ट नवऱ्याला विचारायची कशी?

मग आलं म्हैसूर-उटी. ह्यांना सरकारी प्रवासभत्ता मिळायचा होता, आमच्या दोघांचा. निघालो अकरा जण. आधीचे सात, शेजारच्या काकू-काका, आणि काकूंची बहीण आणि तिचे यजमान, ज्यांना मी गाडीतच पहिल्यांदा पाहिलं. बरोबर स्टोव्ह, कुकर, मेतकूट, आणि चटणीचा एक मोठा डबा. डबा माझ्या पिशवीत, कारण काकूंच्या पिशवीत तो कलंडत होता.

ह्यांचा दिवस माणसं मोजण्यात जायचा. बसमध्ये चढलं की मोजायचं, उतरलं की मोजायचं. हॉटेलात बसल्यावर डोसे मोजायचे. ह्यांना असं काही स्फुरण चढलेलं असायचं, की घरी ‘भाजी कोणती आणू’ म्हणून तीनदा विचारणारा गडी तो हाच का, असं वाटावं. म्हैसूरला एका साडीच्या दुकानात आम्ही सगळे शिरलो. मी आत निळ्या रंगाच्या दोन साड्या खांद्यावर टाकून आरशासमोर उभी होते. बाहेर आले तर रस्ता मोकळा. भाड्यानं घेतलेली बस गेलेली.

मी दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदारानं बिचाऱ्यानं आतून स्टूल आणून दिलं, कॉफी दिली. त्याला मराठी येईना, मला कानडी येईना, पण बाई इथे विसरली गेलीय एवढं त्याला कळलं. पाऊण तासानं बस परत आली. तिकडे काय झालं ते मला काकूंनीच हसत हसत सांगितलं. सगळे खायला बसले, काकूंनी विचारलं, “चटणीचा डबा कुणाकडे?” आणि मग माझी आठवण निघाली. म्हणजे चटणी नसती तर मी आज म्हैसूरला साड्या विकत असते.

हे बसमधून धावत उतरले. चेहरा पांढरा पडला होता, ते मी पाहिलं. पण तोंडातून जे आलं ते असं, “अगं, बाकीचे सगळे मोजले. तू आहेस असं धरूनच चाललो होतो.”

मला एवढं लागलं ते, की भांडायलासुद्धा सुचलं नाही. उटीला मी कुणाशी धड बोलले नाही. बोटॅनिकल गार्डनमध्ये सगळ्यांनी फुलांसमोर फोटो काढले, त्यात मी आहे, पण फोटो बघितलात तर मी कुणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखी दिसते.

घरी आल्यावर मात्र मी तोंड उघडलं. “आता पुढची सहल फक्त दोघांची. कुणालाही विचारायचं नाही. विचारलंत तर तुम्ही तुमचे नऊ जण घेऊन जा, मी माहेरी जाते.” हे म्हणाले, “बरं.” मग जरा थांबून म्हणाले, “आईला तरी?” मी पोळपाट जरा जोरात ठेवला.

पैसे साठवून नेपाळ ठरलं. पासपोर्ट लागत नाही आणि परदेश तो परदेश. शेजारच्या काका-काकूंच्या मते तो परदेश नव्हे, पण आम्ही गेलो हे त्यांना कळलं तेच आम्ही परत आल्यावर. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि दोन महिने गुपित ठेवायचं. माणसाला पित्त झालं. जिन्यात कुणी भेटलं की हे घाईघाईनं वर यायचे. सासूबाईंना निघायच्या आठ दिवस आधी सांगितलं. गोरखपूरपर्यंत गाडी आणि पुढे बस, हे ऐकून त्या म्हणाल्या, “दोन दिस गाडयेत? माका नाय जमूचा.” मी देवापुढे साखर ठेवली.

तर काठमांडूला आम्ही दोघं. आठ वर्षांत पहिल्यांदा. आणि हे असे हरवल्यासारखे. बसमध्ये चढले की सवयीनं मागे वळून बघायचे. देवळात मी घंटा वाजवायचे, हे चपला सांभाळत उभे. जेवताना मी गप्प, हे गप्प. वेटर आला की ह्यांना कोण आनंद व्हायचा. तो कुठल्या गावचा, घरी कोण कोण, सगळी चौकशी. माझी नाही केली कधी एवढी.

तिसऱ्या दिवशी पोखऱ्याला निघालो. बसमध्ये मागच्या सीटवरून मराठी ऐकू आलं आणि मी घाईघाईनं ह्यांना खिडकीबाहेरचे डोंगर दाखवायला लागले. घाटकोपरचं जोडपं होतं, आमच्याहून जरा मोठं. दहा मिनिटांत ह्यांचा चेहरा उजळला. उतरताना मी बॅग घेत होते तेवढ्यात हे म्हणालेच, “उद्या सकाळी आम्ही तळ्यात नावेनं जाणार. तुम्हीपण चला की.”

मी संध्याकाळभर बोलले नाही. सकाळी तळ्याकाठी बसलो. पाणी शांत, समोर बर्फाचे डोंगर, नाववाला वल्हं घेऊन उभा, आणि आम्ही घाटकोपरची वाट बघतोय. तेव्हा मी विचारलंच.

“माझ्याबरोबर एकट्यानं राहायला तुम्हाला काय होतं? मी नको झालेय का? एकदाच सांगून टाका.”

हे चपलेनं माती उकरायला लागले. मग म्हणाले, “तू गप्प झालीस की मला भीती वाटते.”

“कसली?”

“तू कंटाळलीस अशी. चार माणसं असली की तू बोलतेस, भांडतेस, हसवतेस सगळ्यांना. मला ऐकायला बरं वाटतं. माझ्याशी एकट्याशी तू काय बोलणार? मला कुठे येतं बोलायला?”

मला हसावं की त्यांना तळ्यात ढकलावं ते कळेना. ह्यांना मी नको म्हणून आठ वर्षं मी जळत होते, आणि हा माणूस मला करमावं म्हणून गाव गोळा करत होता. माझे डोळे भरून आले. मी एवढंच म्हटलं, “मला तुमच्याशी बोलायचं होतं हो. माथेरानपासून.”

तेवढ्यात घाटकोपरकर आले. थर्मास, चिवडा, डोक्याला मफलर, अगदी जय्यत तयारीनं. लांबूनच हात हलवला त्यांनी. हे उठले. मला वाटलं, गेले आता, नावेत कोण कुठे बसणार ते सांगायला. हे चालत त्यांच्याजवळ गेले, खाली बघत दोनदा घसा साफ केला आणि म्हणाले, “माफ करा हं. आम्ही जरा दोघंच जाऊ म्हणतो.”

ह्यांना कुणाला नाही म्हणताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. कान लाल झाले होते ह्यांचे. मी पदर तोंडाशी धरला.

त्या बाईंनी ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझे कानाजवळचे अकाली पिकलेले केससुद्धा बघितले असणार. मग हसून विचारलं, “नवीन लग्न झालंय वाटतं?”

हे म्हणाले, “हो.”