पहिल्या पाण्याचा मानकरी

पिरिबेबुई गावात म्हाताऱ्या इंदालेसिओची ख्याती युद्धापेक्षा थापांसाठी जास्त. चाकोच्या लढाईत पायात गोळी घुसली, असं तो सांगे. दर सप्टेंबरात शाळेत जुन्या सैनिकांचा सत्कार होई आणि गोळी थोडी वाढे. एका वर्षी तिचा तोफगोळा झाला, तेव्हा त्याची बायको रुफिना भरसभेत म्हणाली, "खेचरानं लाथ मारलीय त्याला! लग्नाआधी मला स्वतःच सांगितलंय."

"तेव्हा मी प्रेमात होतो," म्हातारा म्हणाला, "खरं बोलून गेलो."

थापांचं रुफिनाला काही वाटत नसे. तिचा जीव जळे तो तेरेरे या गार काढ्यापायी. शिंगाच्या पेल्यात पानं भरून गार पाणी ओतलं, की पहिलं पाणी संत तोमासचं. पानं ते पिऊन घेईपर्यंत गप्प बसायचं, मग माणसांची पाळी. सगळा गाव हे पाळतो. हा मात्र पहिलं पाणी पडलं रे पडलं की पेला ओढून नळी तोंडात घाली.

"अरे, संताचं आहे ते!"

"चाकोत होता का तुझा संत? रांगेत उभा राहा म्हणावं."

अठ्ठावन्न वर्षं हेच. याला स्वर्गाच्या दारातूनच हाकलणार आणि वर आपल्याला सासूबरोबर एकटीनं राहावं लागणार, या धास्तीनं रुफिनाची झोप उडे.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं. पाद्री कबुलीजबाब ऐकून घाम पुसत बाहेर आले. पण संताच्या पाण्याचं त्यात काहीच नव्हतं, हे रुफिनानं त्यांच्याकडून काढून घेतलंच. तिनं तडक सुरई आणली आणि पेल्यात पाणी ओतलं.

"आज तरी संताला पिऊ दे. पाया पडते तुझ्या."

त्यानं पेला उचलला. रुफिनाला रडू फुटलं. पण त्यानं पेला तिच्यापुढे धरला.

"तू पी."

ती कायम शेवटी पिणारी, पानांची चव गेल्यावर. तिनं ओढलं आणि तोंड वाकडं केलं. "शी! कडूजहर! भुसा नुसता!"

"पहिलं असंच असतं," तो म्हणाला. मग थाप न मारता बोलला. युद्धात त्यानं एकही गोळी झाडली नव्हती. तो पाणक्या होता, खेचरावरून पाणी आणणारा. रानात डबकं सापडलं की पहिला घोट त्याचा. कधी त्यात मढं कुजलेलं असे. पंधरा मिनिटं अख्खी तुकडी त्याच्या तोंडाकडे बघे. तो पडला नाही, की मग बाकीचे पीत.

"मग घरी कशाला हे?"

"घरी तर अकरा पोरं होती, रुफिना."

"मेल्या, सांगायला काय झालं होतं? अठ्ठावन्न वर्षं शिव्या घातल्या मी!"

"गोळीची गोष्ट ऐकायला बरी वाटते."

गुरुवारी तो गेला.

नवव्या दिवशीची प्रार्थना संपली, अंगणात सगळे तेरेरेला बसले. थोरल्या लेकीनं, एलोदियानं, पहिलं पाणी ओतून पेला संतासाठी बाजूला ठेवला. रुफिनानं तो उचलला आणि तळापर्यंत ओढला.

"आई! संताचं होतं ते! पाद्रीबाबांसमोर!"

"गप्प बसा," रुफिना तोंड पुसत म्हणाली. "पंधरा मिनिटं कुणी प्यायचं नाही."

आणि अकराच्या अकरा पोरं तिच्या तोंडाकडे बघत बसली.