खांद्यावरची छाप

आपले व्याही माणूस म्हणून कसे होते, असं कोणी विचारलं असतं तर चष्मेवाल्यांना धड चार वाक्यं सांगता आली नसती. शिंपीकाम करायचे, विमानतळावर नोकरी होती, हसताना तोंडावर हात धरायचे. सोयरीक होऊन दोन वर्षं झाली होती, पण दोघांच्या गाठीभेटी बोटांवर मोजता येतील इतक्याच. त्यातही निम्मा वेळ ‘चहा घ्या’, ‘नको, आत्ताच झाला’ यात गेलेला. चष्मेवाले अबोल. शिंपी बोलके, पण मनातलं सोडून बाकी सगळं बोलणारे. त्यांना सगळे मास्तर म्हणत.

चष्मेवाल्यांचा मुलगा लढाऊ विमान चालवायचा आणि तो मास्तरांचा जावई होता. लढाई सुरू झाली तशी सून माहेरी, विमानतळाजवळच्या वसाहतीत राहायला गेली. नवरा सुटीत दोन तास का होईना, दिसतो म्हणून. चष्मेवाल्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात एकट्याला बातम्या ऐकवेनात, तेव्हा आपल्या चष्म्याच्या दुकानाला कुलूप लावून तेही व्याह्यांकडे आले. लेकीच्या सासऱ्याला दोन खोल्यांत कुठे झोपवायचं या काळजीने विहीणबाई हैराण झाल्या. मास्तर म्हणाले, “दुकानात झोपतील. कापडाच्या गठ्ठ्यांसारखी गादी राजाकडे नसेल.”

दुकान म्हणजे विमानतळाच्या आवारातली शिलाईची खोली. तिथे चष्मेवाल्यांना पहिल्यांदा कळलं की आपले व्याही नेमकं काय करतात. वैमानिकांच्या कपड्यांवरची चिन्हं त्यांच्या हातून जायची. खांद्यावर हुद्द्याचे पट्टे, एक, दोन किंवा तीन. छातीवर पंख. विमान चालवणाऱ्याला दोन, वाट दाखवणाऱ्या जोडीदाराला एकच. साध्या गणवेशावर हे सगळं सोनेरी जरीचं असायचं, उडताना घालायच्या निळ्या सुटावर साध्या पांढऱ्या दोऱ्याचं.

“एकच पंख म्हणजे अर्धी कोंबडी,” मास्तर एका जोडीदाराला चिडवायचे.

तो जोडीदार चष्मेवाल्यांच्या मुलाच्याच विमानात मागे बसायचा. त्याची जीभ घटकाभर टाळूला लागायची नाही, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. “मास्तर, दुसरा पंख तुमच्या जावयाने पळवला,” तो म्हणायचा. “तुम्ही सासरेबुवा, तुम्ही काय न्याय करणार?”

शत्रूच्या हद्दीत जायचं असलं की ही सगळी चिन्हं काढून ठेवायचा नियम होता. माणूस खाली पडला, सापडला, तर तो कोण, कुठल्या तुकडीचा, किती वरचा, हे कपड्यांवरून कळू नये. म्हणून चिन्हं थेट सुटावर शिवायचीच नाहीत. आधी एका कोऱ्या चौकोनी पट्टीवर शिवायची आणि ती पट्टी टिचबटणांनी सुटावर बसवायची. पट्टी सगळ्यांची सारख्या मापाची. टच टच केलं की पट्टी हातात. खाली सुटाचं कापड थोडं गडद दिसलं तरी सगळ्यांच्या अंगावर चौकोन तेवढाच. काढलेल्या पट्ट्या मास्तर ज्याच्या त्याच्या खिळ्याला टाचून ठेवत. माणूस परत आला की पुन्हा टच टच.

फक्त जावयाच्या सुटाला टिचबटणं नव्हती. त्याच्या खांद्यावर तिसरा पट्टा आला त्या दिवशी मास्तरांनी त्याचे दोन्ही सूट मागून घेतले आणि चिन्हं थेट कापडावर शिवली. हाताने, इतक्या बारीक टाक्यांनी की टाका शोधावा लागायचा.

“हे कशाला?” चष्मेवाल्यांनी विचारलं होतं. “दर वेळी उसवायचं, दर वेळी शिवायचं.”

“टिचबटणावर लटकलेला पंख पोपडा आल्यासारखा दिसतो हो. आमच्यासारख्या गरिबाने जावयाचा मान करायचा तरी कसा? तुम्हाला तर दोन ताटंही धड देता आली नाहीत लग्नात.”

“मला काही नको होतं.”

“तेच तर. मागणारा व्याही परवडतो. न मागणाऱ्याच्या ऋणातून सुटता येत नाही.”

हिवाळ्याच्या तोंडाशी एका रात्री, मोहिमेवर निघण्याआधी, नेहमीसारखा जावई आला, सूट काढून दिला आणि स्टुलावर बसला. हल्ल्याच्या भीतीने खिडक्यांना काळा कागद लावलेला, दिव्यावर निळा कागद गुंडाळलेला. मास्तरांनी पट्टे उसवले, पंख उसवले, दोऱ्यांचे तुकडे वेचले, कापडावर तळहात फिरवला. “झालं. आता तू कोणीही नाहीस,” ते म्हणाले. रेडिओची पट्टी दोन टिचक्यांत निघाली. मुलगा जाताना वडिलांच्या पाया पडायला वाकला, तर चष्मेवाल्यांना एवढंच सुचलं, “मफलर घेतलास का?” रेडिओने वाकून तेच पाय धरले आणि म्हणाला, “काका, मलाही विचारा की. मला मफलरच नाही.” चष्मेवाल्यांनी आपला काढून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आवारात गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. चष्मेवाले बघायला गेले. धोबीखान्याच्या मागे दोरीवर कपडे वाळत होते आणि एका सुटासमोर मास्तर उभे होते. जावयाचा दुसरा सूट होता तो. चिन्हं उसवूनच धुवायला दिलेला.

“इथून बघा,” मास्तर म्हणाले. “चष्मा लावून बघा.”

चष्मा लावायची गरज नव्हती. सगळा उन्हाळा उन्हात आणि धुण्यात विटून सूट फिका पडला होता. जिथे चिन्हं शिवलेली होती तिथलं कापड मात्र नव्यासारखं गडद राहिलं होतं. छातीवर दोन पंख, एकूण एक पीस दिसत होतं. खांद्यावर तीन पट्टे. दहा पावलांवरून कोणीही वाचावं असं.

“तो घालून गेलाय तोही असाच?”

मास्तरांनी मान हलवली. “दोन्ही एकाच ताग्यातले. दोन्ही सारखेच विटलेत. निळ्या दिव्यात निळ्यावर निळं मला दिसलं नाही. दर वेळी तळहात फिरवत होतो. तळहाताला रंग कळतो होय?”

त्यांनी तो ओला सूट दोरीवरून ओढून काढला आणि पोटाशी धरला. सदऱ्यावर ओल पसरत गेली, तरी धरूनच उभे राहिले.

त्यांना कशाची भीती वाटत होती, ते चष्मेवाल्यांना सांगावं लागलं नाही. तळावर सगळे तेच कुजबुजत होते. शत्रूकडे सापडलेल्यांतले साधे लोक छावणीत जातात. हुद्दा असलेल्यांना, हल्ल्यांचे बेत माहीत असलेल्यांना वेगळं काढतात आणि बोलतं करतात. कसं करतात, हे कोणी पुढे सांगत नसे.

“पण तो येईल ना परत,” चष्मेवाले म्हणाले. “सापडला तर ना.”

“हो,” मास्तर म्हणाले. “सापडला तर ना.”

दुपारपर्यंत विमानं परतायला लागली. एकेक उतरलं की खोलीच्या काचा थरथरायच्या आणि मास्तर शिवणयंत्राचं चाक हाताने धरून ठेवायचे. माणसं आली, पट्ट्या लावून गेली. एरवी दहा विनोद करणारी पोरं त्या दिवशी मास्तरांच्या डोळ्यांकडे बघत नव्हती. संध्याकाळी दोनच खिळ्यांवर चिन्हं उरली. मग तळावरचा एक अधिकारी टोपी काखेत धरून दारात आला. जावयाचं विमान नदीपलीकडे खाली गेलं होतं. दोन हवाई छत्र्या उघडलेल्या कोणीतरी पाहिल्या होत्या.

घरी सुनेने ऐकलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. “दोन उघडल्या ना?” ती पुन्हा पुन्हा विचारत होती. “मग जिवंत आहेत. मग छावणीत असतील. हो ना बाबा?”

मास्तर म्हणाले, “हो बाळ.” ते उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभे राहिले. विहीणबाईंना वाटलं, तोंड धुताहेत.

त्यानंतरचे दिवस दोघा व्याह्यांनी एकमेकांना धरून काढले म्हणायचे, जरी कोणी कोणाला हात लावला नाही. बायकांना सुटाचं काही सांगायचं नाही, हे न बोलता ठरलं होतं. सून म्हणायची, देवाची कृपा, निदान चिन्हं तरी काढलेली होती. तसं ती म्हणाली की मास्तर ताटावरून उठायचे. दारावर थाप पडली की दोघं एकदम उठायचे आणि एकमेकांना ‘तुम्ही बघा’ म्हणायचे. दूधवाला दबकत थाप मारायला शिकला.

एकदा दुकानात चष्मेवाले फार वेळ घुटमळून म्हणाले, “तुमच्या चष्म्याचा नंबर मीच काढून दिला होता. चुकला असेल कदाचित माझा. म्हणून दिसलं नसेल तुम्हाला.”

मास्तरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही ना, खोटं बोलायला लागलात की कानापर्यंत लाल होता. नंबर बरोबर आहे. माझं डोकं चुकलं. सगळ्या पोरांना नियमाने वागवलं आणि स्वतःच्या जावयाचे लाड करायला गेलो.”

हिवाळा सरत आला तेव्हा जखमी कैद्यांची अदलाबदल झाली आणि मुलगा परत आला. डावा हात कोपरातून वाकडा, दाढी वाढलेली, अंगात कोणाचा तरी ढगळ कोट. सून रडली, विहीणबाई रडल्या. चष्मेवाले त्याची बोटं एकेक करून दाबून बघत राहिले. मास्तर कोपऱ्यात उभे होते, पुढे येईनात. जावई पाया पडायला आला तर दोन पावलं मागे सरकले.

जेवण झाल्यावर बायका आत गेल्या तेव्हा मास्तरांनी विचारलं. हे विचारण्यासाठीच ते इतके दिवस जिवंत राहिले असावेत, असं चष्मेवाल्यांना वाटलं.

“खांद्यावरचं दिसलं का रे त्यांना?”

मुलाला आधी समजलं नाही. मग तो म्हणाला, “दिसलं. पहिल्या तासातच. त्यांच्या एका अधिकाऱ्याने बोट फिरवलं पट्ट्यांवरून. एक, दोन, तीन. मग पंखांवरून फिरवलं.”

“मग?”

“मग त्याने सलाम ठोकला मला.”

मास्तर पुढे सरकून बसले.

“अधिकारी म्हणून अधिकाऱ्यांच्या छावणीत टाकलं. हात मोडला होता तर डॉक्टर दिला. त्यांच्याकडे तसा नियम आहे. मास्तर, ती छाप होती म्हणून मी गणवेशातला सैनिक ठरलो. तुमच्यामुळे वाचलो म्हटलं तरी चालेल.”

मास्तरांनी तोंडावर हात धरला. हसू आलं होतं की रडू, कोणालाच कळलं नाही. खांदे मात्र सैल पडले, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. मग त्यांनी हात खाली घेतला आणि त्यांच्या तोंडावरचा रंग पुन्हा उतरत गेला.

“आणि रेडिओ?”

मुलाने ताट बाजूला सारलं.

“त्याच्या अंगावर काहीच नव्हतं. कोरा चौकोन. त्याने सांगितलं, मीही अधिकारी आहे. मी सांगितलं, हा माझ्याच विमानातला. ते म्हणाले, खुणा नसलेला माणूस हेर असतो. त्याला दुसऱ्या गाडीत घातलं. काकांचा मफलर गळ्यात होता त्याच्या. वळून म्हणाला, येतोच.”

पुढे काय झालं ते कोणी विचारलं नाही. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. मास्तर उठले, हात धुतले आणि चपला घालून बाहेर पडले. चष्मेवाले मागोमाग गेले तर ते दुकानात अंधारात बसलेले. समोर रेडिओच्या खिळ्याला ती पट्टी अजून टाचलेली होती.

“हे काम मी चोख केलं होतं,” मास्तर म्हणाले. “याच्यात एक टाकासुद्धा चुकीचा नाही.”

लढाई अजून चालूच होती आणि पोरं येतच होती. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांना एक नवीनच धास्ती लागली. समोर सूट आला की ते टिचबटणावर बोट ठेवून थांबायचे. “बाळ, पट्टी ठेवू की नको?” प्रत्येकाला विचारायचे. पोरं हसायची. कोणी म्हणायचा, ठेवा. कोणी म्हणायचा, मास्तर, नियम तुम्हाला माहीत. ज्याने ‘ठेवा’ म्हटलं त्याच्या मागे ते फाटकापर्यंत जायचे, ‘काढून टाकू का, अजून वेळ आहे’ म्हणून. ज्याची पट्टी काढली त्याच्याही मागे जायचे. पुढे एकेका पट्टीपाशी ते इतके अडायला लागले की माणसं खोळंबू लागली. तेव्हा तळावरून त्यांना सन्मानाने घरी पाठवलं. त्यांनी घरी यंत्र मांडलं आणि पडदे शिवायला घेतले. पडद्यांना कोणी ओळखत नाही, म्हणायचे.

चष्मेवाले आपल्या गावी परतले, पण वर्षातून एकदा व्याह्यांकडे जाऊ लागले. मुलाचा हात कधी सरळ झाला नाही, त्यामुळे तो जमिनीवरच्या कामात राहिला, आणि सून आता शांत झोपायची. मास्तर मात्र विमानाचा आवाज आला की शिवणयंत्राचं चाक धरायचे. त्यांच्या मनात काय चालायचं ते चष्मेवाल्यांना तेव्हाही नीट कळलं नाही. त्या दोन पोरांसाठी केलेल्या कामांपैकी कोणत्या कामाबद्दल ते स्वतःला माफ करत होते आणि कोणत्या नाही, हे विचारायचं चष्मेवाल्यांनी किती वेळा मनात आणलं, पण विचारलं नाही. दोघं ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचे, भाजी महागल्याचं बोलायचे.

शेवटच्या खेपेला मास्तर बसथांब्यापर्यंत सोडायला आले. वारा होता. गाडी लांबून दिसली तशी त्यांची नजर चष्मेवाल्यांच्या कोटाकडे गेली.

“बटण लोंबतंय तुमचं. काढा कोट, टाका घालतो. सुई आहे टोपीत.”

“गाडी आली मास्तर.”

“मिनिटाचं काम.”

“पुढच्या वेळी घाला.”

मास्तरांनी दोऱ्याला हिसका दिला, बटण तोडलं आणि चष्मेवाल्यांच्या तळहातावर ठेवलं.

“मग खिशात ठेवा. आतल्या. बाहेरच्यातून पडेल.”

“ठेवतो.”