शनिवारचे शेवट

आमच्या शेजारच्या कथाकारांनी मला जितकं दमवलं, तितकं घरातल्या सगळ्यांनी मिळूनही दमवलं नसेल. सोलापूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नोकरी, बाहेर पडताना दारापर्यंत परत येऊन कुलूप ओढून बघायची खोड, आणि कथा लिहिण्याचं वेड. बेने इस्रायल, म्हणजे इथलाच ज्यू माणूस. मराठी आमच्यासारखीच, पण शब्बाथ कडक, शनिवार मावळेपर्यंत कसलंही काम नाही, विस्तवही पेटवायचा नाही. शुक्रवारी दिवेलागणीला पेन बंद. आणि आठवडाभर अडलेला कथेचा शेवट यांना नेमका शनिवारी सकाळी सुचायचा. लिहायचं नाही, दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचं तर त्याहून नाही. मग हे आमच्या स्वयंपाकघराच्या दारात हजर. "वहिनी, एवढा शेवट ठेवून घ्या की. उद्या नेतो."

बहात्तरच्या दुष्काळानंतरचे ते दिवस. नळाला पाणी नाही, तव्याची धग, पोरांची सकाळची शाळा, आणि त्यात कुणाची तरी नायिका विहिरीपाशी रडतेय हे मी ध्यानात ठेवायचं. चहाचंही तसंच. त्यांच्यासाठी स्टोव्ह पेटवलेला चालायचा नाही, म्हणून मी "माझ्यासाठीच करते हो" म्हणत दोन कप करायची, आणि वाया नको म्हणून ते दुसरा घ्यायचे. देवाला हे कळत नसेल, असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं.

एकदा दिवाळी अंकांच्या घाईत त्यांनी दोन शेवट एकदम ठेवले, आणि रविवारी मी अदलाबदल करून परत केले. एका कथेतला क्षयाचा विणकर मरायचा होता, त्याचं लग्न लागलं. दुसरीतला माढ्याचा धडधाकट नवरदेव गेला. कथा तशाच छापून आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते शांतपणे म्हणाले, "कळलं होतं मला. पण त्या विणकराला मारायला माझा हातच धजत नव्हता, वहिनी."

पुढे त्यांचा मुलगा इस्रायलला गेला, मग यांनाही बोलावणं आलं. जाण्याआधीच्या शनिवारी दारात आले, ते नेहमीसारखे बसले नाहीत. "तिकडं मराठी कोण वाचणार? लिहिणं संपलं बघा," म्हणाले, आणि तरीही एक शेवट सांगितला. मी विचारलं, कथा कुठली? "ती अजून सुचली नाही. सुचली की कळवतो. तोवर शेवट तुमच्याकडं असू द्या."

पत्रं आली. संत्र्यांच्या रसाच्या कारखान्यात काम मिळालं, ऊन आपल्यासारखंच आहे, भाकरी मिळत नाही. कथेबद्दल अवाक्षर नाही. हळूहळू पत्रंही थांबली.

हल्ली माझं दूध उतू जातं, नातवंडांची नावं चुकतात. तो शेवट मात्र जात नाही. खूप दमलेय मी. त्यांनी येऊन तो घेऊन जावा, असं फार वाटतं. तसा लहानसाच आहे. गेलेला माणूस परत येतो. शनिवार असतो. शेजारीण काही विचारत नाही, स्टोव्ह पेटवते, दोन कप काढते आणि म्हणते, माझ्यासाठीच करते हो.