गाडीचे मालक सोबत आहेत

पन्नाशी उलटली तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. थोरला जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी हाक तीच राहिली, आणि त्याची धाकट्याला काही तक्रार नव्हती. ज्याला धाकटा म्हणतात त्याचा थोरला कुठेतरी असतोच, असं त्याचं सरळ गणित होतं.

पोटापाण्यासाठी तो वजनकाट्यावर बसे. मालाचे ट्रक लोखंडी फळीवर चढत, तो काचेआडून आकडा बघे आणि पावती फाडे. इतकी वर्षं हेच केल्यावर आकड्याचीही गरज उरली नव्हती. चाक किती दबलंय यावरून ट्रक भरलेला, अर्धा की रिकामा, हे तो चहा पिता पिता सांगे. लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. तळमजल्यावर तो राही, वरच्या मजल्यावर वहिनी. त्या औषधाच्या दुकानात काउंटरवर असत, आणि दोघं रात्री एकत्र जेवत.

जिन्याखाली थोरल्याची मोटरसायकल असे. तिच्यावरून सीमा ओलांडून पार समुद्रापर्यंत जायचं, हा थोरल्याचा ध्यास. पण स्वभाव असा, की पेट्रोलच्या आधी कागद. गाडीचं पुस्तक, विमा, बाहेरदेशी चालणारा परवाना, गाडी तिकडे विकणार नाही, परत आणीन अशी लेखी हमी. "अस्सल कागद अंगावर, नकला पिशवीत," तो बजावायचा, "गाडी चोरीला गेली तरी आपण कोण ते सांगता आलं पाहिजे." लोक हसायचे, की हा कागदांची सहल काढणार आणि स्वतः घरी बसणार. झालंही तसंच. कागद पुरे होईपर्यंत छातीच्या दुखण्याने त्याला गाठलं.

काही महिन्यांनी धाकट्याने गाडी बाहेर काढली. पहिल्याच वळणावर त्याला कळलं, की मागे कुणीतरी बसलंय. दिसलं काही नाही, ऐकू काही आलं नाही. फक्त गाडी मागून दबली होती. वजनाच्या बाबतीत धाकट्याला फसवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. ते थोरल्याचंच वजन होतं, तेही आजारपणाआधीचं, धट्टंकट्टं.

भीती वाटली, खोटं कशाला बोला. तसाच गाडी वळवून घरी आला. पण दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा गाडी काढली, आणि मग रोजच काढू लागला. मागच्या सीटवर त्याने कधी पिशवीसुद्धा बांधली नाही. आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.

दादाला समुद्र दाखवायचा, हे त्याने मनाशी कधी ठरवलं ते त्यालाही आठवत नव्हतं. तो एजंटकडे गेला तेव्हा एजंटने गाडीचं पुस्तक उघडून कपाळाला हात लावला.

"अहो, मालक वारले ना? आधी नाव बदला. गाडी वहिनींच्या नावावर होईल, मग त्यांचं संमतीपत्र घेऊन खुशाल जा."

"नावाला हात लावायचा नाही."

"मग मालकाची सही आणणार कुठून? वरून?"

"आणतो," धाकटा म्हणाला. एजंटने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

शाळेत असताना धाकट्याच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही थोरलाच ठोकायचा. ही विद्या घराण्यातलीच, असं म्हणत धाकटा थोरल्याच्या नावाचं संमतीपत्र घेऊन टेबलाशी बसला. सराव करायला कोरा कागद घेतला होता, पण तो लागलाच नाही. सही एका झटक्यात उतरली, शेवटच्या फराट्यासकट. पेन खाली ठेवल्यावर त्याच्या अंगावर काटा आला. ती आपण केली की आपल्या हातून कुणी करवून घेतली, हे त्याला सांगता आलं नसतं.

वहिनींना त्याने फक्त जाऊन येतो म्हणून सांगितलं.

सीमेवरच्या खोलीत एक अधिकारीबाई होत्या. सर्दीने बेजार, टेबलावर रुमाल. त्यांनी बाहेर येऊन चॅसीचा नंबर वाकून पाहिला, पुस्तकाशी ताडला आणि संमतीपत्रावर बोट ठेवलं.

"गाडी तुमची नाही?"

"थोरल्या भावाची."

"ते नाही आले?"

"आलेत ना," धाकटा म्हणून गेला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंनी रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "मग बोलवा. सही जुळवून घेते, पाच मिनिटांचं काम."

धाकट्याने मागे पाहिलं. नंतर बाईंकडे पाहिलं. एक ठरावीक शब्द त्याने तीन वर्षांत कधीच तोंडातून काढला नव्हता, आणि आता त्याच्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"वारला तो," धाकटा म्हणाला. "दादा वारला माझा."

बाईंनी रुमालाने नाक पुसलं. मग त्यांनी संमतीपत्राची घडी घालून त्याच्या खिशात सरकवली. "हे मी पाहिलं नाही. पण गाडी सोडता येणार नाही. तुम्हाला चालत जायचं तर जा."

चालत जाऊन करायचं काय? तो गाडीवर बसला. तेवढ्यात एका ट्रकसाठी सीमेच्या रस्त्यावरचा अडसर वर गेला, आणि धाकट्याच्या खालची गाडी मागून उचलली गेली. हळूच, माणूस सावकाश उतरावा तशी. ट्रक पलीकडे गेला, धुरळा उडाला, अडसर खाली आला. धाकट्याने हँडल घट्ट धरलं होतं. परतीच्या वाटेवर रिकामं मागचं चाक खडीवर सारखं घसरत होतं, आणि तो हेल्मेटच्या आत लहान पोरासारखा रडत होता.

वहिनी जिन्यातच भेटल्या. "एवढ्यात आलात, भाऊजी?"

"दादा पलीकडे गेला, वहिनी." बोलल्यावर त्याला वाटलं, आता या आपल्याला वेड्यात काढणार.

वहिनी पायरीवर बसल्या. "तुमच्या मागून उतरून?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"वरच्या खिडकीतून दिसायचं की. तुम्ही किक मारलीत की गाडी मागून खाली बसायची. रोज उभी राहायचे मी."

"मग बोलला नाहीत कधी?"

"बोलले असते आणि तुम्ही घाबरून गाडी विकून टाकली असतीत तर?" त्यांनी गाडीकडे पाहिलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "जाताना मागे वळून पाहिलं का हो त्यांनी?"

धाकटा त्यांच्या शेजारी बसला. "मीच नाही पाहिलं, वहिनी. माझी हिंमत झाली नाही."

वहिनींनी मान हलवली. मग तोंडाला पदर लावला, आणि थोरला गेल्यापासून पहिल्यांदा त्या धाय मोकलून रडल्या.