ओढणीवरचा हात

पीटीच्या बाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं आणि रोलरला जुंपलं.

चूक माझीच होती. पुतण्याच्या हळदीसाठी मी रजेवर होतो आणि शाळेत विसरलेला डबा न्यायला दुपारी गेलो होतो. अंगात घरचा शर्ट, पायात स्लिपर, कानामागं धुवायची राहिलेली हळद. मैदानाच्या कडेनं जाताना आत मुली पळताना दिसल्या. आमच्या शाळेच्या मैदानावर इतक्या वर्षांत मी मुलगी पळताना पाहिली नव्हती. कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून मी बघतच राहिलो.

आतून टोपी घातलेली एक बाई सरळ माझ्याकडं चालत आली.

"काय बघताय, दादा?"

"काही नाही."

"काही नाही बघायला भिंतीला टेकावं लागतं व्हय? या आत. मैदान उंचसखल झालंय. रोलर ओढा."

मी इथला गणिताचा शिक्षक आहे, असं तिथल्या तिथं सांगून टाकायला हवं होतं. पण "मी शिक्षक आहे आणि भिंतीवरून मुलींचा तास बघतोय" हे वाक्य मनात जुळवून बघितलं, तर त्यापेक्षा रोलर बरा वाटला. ओढला. नववीच्या मुली ओठ घट्ट मिटून बघत होत्या. हे आपले सर आहेत, असं एकीनंही बाईंना सांगितलं नाही. इतकी एकी मी त्यांच्यात वर्गात कधी पाहिली नव्हती.

रजा संपल्यावर स्टाफरूममध्ये रीतसर ओळख झाली; बाई माझ्या रजेतच रुजू झाल्या होत्या. बाई हसल्यासुद्धा नाहीत. "बरा ओढता, सर," म्हणाल्या. "शनिवारी मोकळे असता का?"

घरी बायकोला हे सांगितलं, तर तिला भाजी परतायचं सोडून खाली बसावं लागलं. त्या दिवसापासून संध्याकाळी मी दारात चप्पल काढली की आतून प्रश्न यायचा, "आज काय म्हणाल्या तुमच्या बाई?"

भिंतीवरून बघणाऱ्या प्रत्येकाला बाईंचा हाच नियम होता, हे मला पुढं कळलं. आमची शाळा वरवंडच्या अलीकडं, सोलापूर रस्त्याला लागून. मैदान आणि रस्ता यांच्यामध्ये छातीएवढी भिंत. पोरी पळायला लागल्यापासून मोटारसायकली थांबायला लागल्या होत्या. बाई भिंतीपाशी जाऊन शांतपणे म्हणायच्या, "या की आत, रोलर मोकळाच हाय." बहुतेक जण गाडीला किक मारायचे. काही भिडस्त माझ्यासारखे आत यायचे. त्या वर्षी आमच्याइतकं सपाट मैदान आख्ख्या दौंड तालुक्यात नसेल.

आता त्यांच्या आधी काय होतं, ते सांगतो. तुम्ही कुठल्याही गावातल्या शाळेत शिकला असाल, तर तुम्हीही ते पाहिलं असेल. झेंड्याच्या खांबाभोवती एक कट्टा असतो. पीटीचा तास लागला की मुलं मैदानावर आणि मुली त्या कट्ट्यावर. मांडीवर मुलांची दप्तरं, हातात मुलांची घड्याळं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, त्यामुळं कुणाला बदलताही येत नव्हतं. आधीचे पीटीचे सर लिंबाखाली खुर्ची टाकून पेपर वाचायचे. आणि माझा पोर्शन मागं पडला की मी कट्ट्यावरच्या मुली उचलून वर्गात नेऊन बसवायचो.

त्याच सवयीनं मी बाईंना विचारलं, "बाई, मुलींचा आजचा तास मला देता का? बीजगणित मागं पडलंय."

"देते की. मुलांचाही घेऊन जा."

"मुलांचा नको. त्यांना खेळायचं असतं."

"मग?"

हे "मग?" म्हणजे बाईंचं सगळ्यात धारदार हत्यार. त्यात राग नसायचा, चढा सूर नसायचा. तुम्हीच बोललेलं वाक्य त्या तुमच्यापुढं पुन्हा ठेवायच्या आणि थांबायच्या. शेवटी बीजगणित मागंच राहिलं.

त्यांनी मैदान वारानं वाटलं. एक दिवस मुलं, एक दिवस मुली, आणि शनिवारी सगळे एकत्र. मुलांचा एक म्होरक्या तक्रार घेऊन आला. "बाई, पोरी खेळाय लागल्या तर आमची घड्याळं कोण सांभाळणार?"

"मनगट," बाई म्हणाल्या.

पण मैदान मिळालं म्हणून मुली पळत होत्या असं नव्हे. नीट बघितलं तर लक्षात यायचं, आमच्या मुली एकाच हातानं पळायच्या. दुसरा हात छातीशी, ओढणीवर. पाय कितीही वेगानं निघाले, तरी तो हात जागचा हलत नसे. बाई कडेनं पळत ओरडायच्या, "हात सोड! ओढणीवरचा हात सोड! पळायला दोन्ही हात लागतात गं!"

मुली म्हणाल्या, "बाई, ती घसरती."

"आई उसात खुरपायला जाती का तुझी?"

"जाती."

"पदर धरून खुरपती?"

"न्हाई. खोचती."

"मग?"

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या ओढण्या एका खांद्यावरून तिरक्या घेऊन कमरेला गाठ मारलेल्या. उसातल्या बायांसारख्या. नाव ठेवायला कुणाला जागाच उरली नाही, कारण नाव ठेवणाऱ्यांच्या घरच्या बायका तशाच शेतात उभ्या होत्या.

बरं नसलेल्या मुलीवर जबरदस्ती नसायची. तिनं मैदानावर बसून गुण मोजायचे, पण कट्ट्यावर जायचं नाही. एकदा मी तिथंच उभा होतो आणि एक मुलगी बाईंच्या कानाला लागली. मुलं फिदीफिदी हसली. बाई मोठ्यानं म्हणाल्या, "पाळी आलीय तिला. त्यात हसण्यासारखं काय हाय? तुमच्या आयांना येत नसती तर तुम्ही झाला असता का?" मी उगाचच आभाळाकडं बघायला लागलो. "सर," बाई म्हणाल्या, "वर काही न्हाई लिहिलेलं."

बाई मूळच्या शिरूरकडच्या. घरी मेंढरं होती. आठ महिने घर पाठीवर आणि शाळा मामाच्या गावी. इतकंच त्यांनी कधी तरी सांगितलं होतं. आमच्याकडं त्या वर्षाच्या करारावर होत्या. एप्रिलमध्ये करार संपायचा आणि जूनमध्ये पुन्हा द्यायचा की नाही, ते शाळा समिती ठरवायची. हे त्यांनाही ठाऊक होतं, आम्हालाही ठाऊक होतं. म्हणून आप्पा मैदानावर आले त्या दिवशी मला धडकीच भरली.

आप्पा म्हणजे समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हे. शाळेची टाकी उन्हाळ्यात त्यांच्याच विहिरीवरून भरते. त्यांची नात शीतल नववीत होती आणि खो-खोत सगळ्यांच्या पुढं होती. आप्पा काठी टेकत बाईंसमोर उभे राहिले.

"बाई, पोरी रस्त्यावरनं दिसत्यात."

"दिसणारच की. मैदान हाय, तळघर न्हाई."

"लोक गाड्या थांबवून बघत्यात."

"त्यांना मी कामाला लावते. सरांना विचारा."

मी मान डोलावली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"तसं न्हवं," आप्पा म्हणाले. "उद्या सोयरीक जमवायची म्हंजी लोक इचारत्यात, पोरगी कशी हाय."

"सांगा, पळती म्हणून."

आप्पांचा चेहरा उतरला. "पोरींची पीटी हालमधी घ्या. योगासनं करा. ती काय वाईट हायती?"

"चांगली हायत. पोरांनाबी चांगली. हॉलबी वारानं वाटून घेऊ."

"पोरं हालमधी कोंडायची?"

"मग?" बाई म्हणाल्या.

पुढच्या पालकसभेत आप्पांनी विषय घेतला. पुरुष खुर्च्यांवर, बाया मागं सतरंजीवर. सुरक्षितता, वेळ वाईट आहे, मुलींचं वय, असं बरंच बोलणं झालं. मग बाई उठल्या.

"मी लहानपणी मेंढरामागं पळायची," त्या म्हणाल्या. "कोकरू चुकलं तर डोंगराला वळसा घालून पळायची. तवा कुणी म्हटलं न्हाई, पोरीनं पळू नये. तुमच्या पोरी पाण्याला पळत्यात, एसटी पकडाय पळत्यात, पाऊस आला की वाळवण उचलाय पळत्यात. कामाला पळाली तर चालती. हसत पळाली की रस्त्यावरनं दिसती?"

मागं सतरंजीवरून एक बाई बसूनच म्हणाली, "माझी पोरगी आता सोताहून भाकरी मागून खाती. आधी ताटावर नुसती बसायची. मला एवढंच म्हाईत हाय." बाजूच्या दोघीतिघींनी माना हलवल्या, पण हात वर करायची वेळ आली तेव्हा हात खुर्च्यांचेच मोजले गेले. मुलींची पीटी हॉलमध्ये, असा ठराव झाला. माझा हात खालीच होता. विरोधात वर करायचा होता, पण शेजारी मुख्याध्यापक बसले होते आणि माझ्या मांडीवर चहाचा कप होता, हे मी कारण म्हणून सांगतोय.

बाई म्हणाल्या, "ठराव तुमचा. मी पोरींना आत नेणार न्हाई. कुणाला न्यायच्या असतील त्यानं येऊन न्याव्यात."

एप्रिलपर्यंत कुणीही आलं नाही. बाई ठरल्या वारी मुलींना मैदानावर घेऊन जात होत्या. सुरुवातीला मुली खो द्यायच्या तेव्हा खडू मागितल्यासारखा आवाज निघायचा. आता तो माझ्या दहावीच्या वर्गात ऐकू यायचा आणि फळ्यावरचा माझा वर्तुळाचा व्यास वाकडा व्हायचा.

करार वाढला नाही. बाईंना निरोप समारंभ देऊ, असं आम्ही म्हटलं, तर त्यांनी हात जोडले. "नको. त्यातबी पोरींनाच ओवाळायला उभं कराल." सायकलच्या कॅरियरला पिशवी अडकवली आणि गेल्या. आता त्या कारेगावात आहेत. कंपन्यांमध्ये कामाला आलेल्या, चार राज्यांतल्या लोकांच्या मुली तिथल्या शाळेत आहेत, असं ऐकलं.

जूनमध्ये पीटीला माणूस मिळेना. वेळापत्रकात मुख्याध्यापकांनी नववी-दहावीच्या मुलींच्या तासापुढं माझं नाव घातलं. "हॉलमध्ये बसवा, सर. हवं तर गणित घ्या," ते म्हणाले. माझ्या पोटाचा घेर बघून खेळाची जबाबदारी कुणी मला देईल असं मला वाटलं नव्हतं. ती दिलेली नव्हतीच, हे नंतर लक्षात आलं.

पहिल्या तासाआधी घाबरून मी बाईंना फोन लावला. पलीकडं कल्ला चाललेला. "काय करू, बाई?" मी विचारलं. "आत्ता नको, सर, डाव चालू हाय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तास लागला. मी हॉलचं दार उघडून उभा राहिलो. मुली रांगेनं आल्या, माझ्यासमोरून तशाच पुढं गेल्या आणि मैदानावर उतरल्या. चालता चालता ओढण्यांना गाठी मारत. शीतल सगळ्यांच्या पुढं. मला कुणी काही विचारलं नाही. मी हॉलच्या दाराला कडी घातली आणि त्यांच्या मागं गेलो.

थोड्या वेळानं आप्पा आले. मुख्याध्यापकांनीच बोलावलं असावं. ते फाटकापाशी, मी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये मुलींचा दंगा.

"सर!" आप्पांनी काठी उचलली. "ठराव इसरला का? पोरी आत घ्या!"

खेळ थांबला. सगळ्या मुली माझ्याकडं बघायला लागल्या. कुणाच्याही नजरेत विनवणी नव्हती. त्या फक्त बघत होत्या, मी काय म्हणतो ते. शीतलनं मात्र कमरेची गाठ चाचपून आणखी घट्ट केली.

मी ओरडलो, "आप्पा, डाव चालू हाय!"

"कवा संपायचा?"

"उद्या नवा लागणार! परवा अजून एक!" आवाज फाटत होता, पण आता थांबवता येईना. "पोरी आत जाणार न्हाईत, आप्पा! ठराव बदला न्हाईतर माझ्या जागी दुसरा माणूस बघा!"

आप्पा तरातरा मैदानात शिरले. तेवढ्यात शीतल त्यांच्या अंगावरून वाऱ्यासारखी गेली आणि जाता जाता म्हणाली, "आप्पा, रेघेबाहेर उभं ऱ्हावा. लागंल तुम्हाला."

आप्पा रेघेबाहेर झाले. नात उठली, पळाली, खो देऊन बसली, पुन्हा उठून पळाली, दोन्ही हात मोकळे. ते तास संपेपर्यंत तिथंच उभे होते. जाताना मला म्हणाले, "समितीत बघतो तुमच्याकडं." बघतीलही. पुढची सभा अजून व्हायची आहे.

त्या संध्याकाळी चप्पल काढतानाच मी बायकोला सगळं सांगायला सुरुवात केली. पण घशातून नुसती हवा यायला लागली. तिनं पाणी गरम केलं, मीठ घातलं, पेला माझ्या हातात दिला आणि खुणांवरून राहिलेली गोष्ट समजून घेतली. शेवटी शाबासकी मिळेल म्हणून मी तिच्याकडं बघितलं.

"आयुष्यात एकदा बोललात तर घसा बसला," ती म्हणाली. "ती बाई रोज बोलत होती. करा गुळण्या, उद्याही तास आहे."