दोरीच्या पलीकडचा तोफवाला

माझी आत्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि तिच्या नाकावर कायम राग असायचा. कुणाचा सूर चुकला की ती अशी वळून बघायची, की पुढच्या बाकावरच्या बायका टोपीच्या फिती नीट करायच्या निमित्ताने माना खाली घालायच्या. सदतीस वर्षांची, बिनलग्नाची, आमच्याच घरी वरच्या खोलीत राहणारी. तिचं लग्न जमवणं हा माझ्या आईचा आवडता उद्योग होता, आणि तो एकदाचा फळाला आला होता. शेजारच्या गावच्या लाकडाच्या व्यापाऱ्याने मागणी घातली होती. विधुर, शांत, स्वतःची घोडागाडी. रविवारी उपासनेनंतर आत्याने त्याला उत्तर द्यायचं होतं.

आत्याचा जीव मात्र भलतीकडेच गुंतला होता. ऑर्गनच्या मागच्या फळ्यांच्या आड, जिथे भाता होता, तिथे.

त्या काळी ऑर्गनला हवा माणूस पुरवायचा. आमच्याकडे हे काम तोफवाला करायचा. सम्राटाविरुद्धच्या लढाईत तो सात वर्षं तोफांवर होता, म्हणून हे नाव. फळ्यांमागे उभा राहून तो लाकडी दांडा वरखाली करायचा. आत किती हवा आहे ते दिसावं म्हणून भात्याला कप्पीवरून गेलेल्या दोरीने शिशाचा गोळा बांधलेला होता. हवा भरली की तो खाली यायचा, सरत आली की वर चढायचा. दुसरी एक दोरी आत्याच्या बाकाजवळून फळीतल्या भोकातून पलीकडे जायची आणि त्याच्या मनगटाला बांधलेली असायची. एकदा ओढली की सुरू, दोनदा ओढली की बंद. उपासना संपली की तो हात पुसत बाहेर यायचा आणि विचारायचा, "हवा पुरली ना, बाई?" ती म्हणायची, "पुरली." अकरा वर्षं त्यांचं बोलणं ते एवढंच.

गावात त्याला शिष्ट म्हणायचे, कारण हाक मारली तरी तो वळत नसे. आत्या फणकारायची, "तुमच्यासारखी बडबड करत नाही तो. ऐकतो." आपलं वाजवणं कुणीतरी इतक्या जवळून ऐकतंय, यावर ती जगत होती. हे तिने मला कधी सांगितलं नाही, पण एकोणीस वर्षांच्या मुलीला असलं काही सांगावं लागत नाही.

शनिवारी तिने मला खोलीत बोलावलं. "उद्या आशीर्वाद झाल्यावर मी एक धून वाजवणार आहे. माझी स्वतःची. बाईने पुरुषाला विचारायची रीत नाही, पण वाजवायला तर बंदी नाही ना! त्याला कळलं तर कळलं."

"आणि नाही कळलं तर?"

"तर प्रभूची इच्छा, आणि लाकडाचा व्यापारी." मग ती पलंगापाशी गुडघे टेकून बसली, म्हणून मी दार ओढून घेतलं.

रविवारी तिने ती धून वाजवली. दारावर कुणी घाबरत टकटक करावी तशी ती सुरू झाली, मग एकदम धीर आल्यासारखी मोठी झाली आणि शेवटी पुन्हा हळू. माझे डोळे भरून आले. लोक मात्र गप्पा मारत बाहेर पडत होते.

तोफवाला हात पुसत आला.

"हवा पुरली ना, बाई?"

पालथ्या घड्यावर पाणी!

आत्याने त्याच्याकडे पाठ केली आणि वह्या आवरता आवरता म्हणाली, "पुरली. पुढच्या महिन्यापासून मी नसेन. लग्न करतेय." तो दांडा अडकवायला मागे निघून गेला. बाहेर फाटकापाशी व्यापाऱ्याची गाडी उभी होती आणि आई हातवारे करून बोलावत होती. आत्या दाराकडे दोन पावलं गेली. मग तो नाकावरचा राग कामी आला. ती गर्रकन वळली आणि फळ्यांमधल्या त्या अरुंद दारातून अकरा वर्षांत पहिल्यांदा आत शिरली. मी तिची शाल घेऊन मागोमाग.

"अकरा वर्षं!" ती त्याच्या पाठीवर ओरडली. "अकरा वर्षं, आणि एक शब्द नाही?"

तो दचकलासुद्धा नाही. दांडा पुसत राहिला. आत्याचा चेहरा हळूहळू बदलला. तोफांनी त्याचे कान कधीच नेले होते.

मग आम्हाला फळी दिसली. गोळ्यामागची अख्खी फळी पेन्सिलीच्या रेघांनी भरली होती. चढत्या, उतरत्या, आणि प्रत्येकीखाली गीताचा क्रमांक. सगळ्यांत खाली एक ताजी रेघ होती. आधी हळू, मग एकदम वर, मग पुन्हा हळू. तिच्याखाली क्रमांक नव्हता.

तोफवाला वळला, आत्याला बघून गोंधळला.

"पाळकांना सांगू नका, बाई. काम जाईल माझं. ओठ बघून बोलणं ओळखतो मी. तुमचं वाजवणं ऐकू येत नाही, पण गोळा दिसतो, जोरात वाजवलंत की झरझर चढतो. एक हात दांड्यावर, एक पेन्सिलीवर. तुम्ही रागावलात की कळतं. सर्दी झाली तरी कळतं." त्याने ताज्या रेघेवर बोट ठेवलं. "हे मात्र कधीच झालं नव्हतं. काय होतं हे? मघाशी विचारणार होतो, पण जीभ रेटेना. नेहमीचंच बोलून गेलो."

आली का पंचाईत! तोंडाने बोलायची हिंमत नाही म्हणून जे वाजवलं, ते आता तोंडानेच सांगायचं, तेही सावकाश, ओठ नीट हलवून. आत्याने सांगितलं. मी लाजून शालीत तोंड खुपसलं, पण कान उघडे ठेवले.

तो म्हणाला, "पुन्हा सांगा."

"कळलं नाही?"

"कळलं. तरी सांगा."

व्यापाऱ्याची गाडी रिकामीच परत गेली आणि आई आठवडाभर फुगून बसली. पुढचे तीन रविवार पाळकांनी रीतीप्रमाणे भर उपासनेत त्या दोघांच्या लग्नाची सूचना वाचली. फळ्यांआडच्या नवऱ्यामुलाला ती ऐकू जाणं शक्यच नव्हतं. म्हणून वाचून झाली की आत्या दोरी तीनदा ओढायची. अकरा वर्षांत ती दोरी पलीकडून कधी ओढली गेली नव्हती. आता पलीकडूनही तीनदा ओढली जायची.